कुडाळचे मैदान आणि एका सामन्याचा मोसम

कोल्हापूरहून कुडाळला उतरण्याचे दोन-तीन मार्ग आहेत. पावसाळ्यात मला फोंडा घाटाचा मार्ग अधिक आवडतो. राधानगरीपर्यंत भोगावती नदी आणि उसाची शेते सोबत करतात. शाहू महाराजांनी उभारायला घेतलेल्या त्या धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले, की इकडे कोल्हापुरात पंचगंगेचे पाणी किती चढणार याचे अंदाज घरोघरी सुरू होतात. पुढे दाजीपूरचे जंगल लागते. तेथे दिवसासुद्धा एस. टी. दिवे लावून चालते. घाट उतरला की हवा जड होते, खिडकीतून येणारा वारा अंगाला चिकटू लागतो आणि रस्त्याच्या कडेचे पाणी तांबडे होते. कणकवली मागे पडते, मग १९८१ साली रत्नागिरीतून वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचे मुख्यालय ओरोस येते आणि त्यानंतर थोड्याच वेळात कुडाळ.

गेल्या वीस वर्षांत हा प्रवास मी कितीदा केला असेल, त्याची नोंद नाही. माझी मुलगी कुडाळला दिलेली आहे. जावयांचे बाजारपेठेत दुकान आहे. या वेळचा प्रवास मात्र नेहमीच्या पाहुणचारासाठी नव्हता. मुलीने फोनवर सांगितले होते, ‘‘अण्णा, तुम्ही एकदा येऊन त्याच्याशी बोला. तुमचे तो ऐकेल.’’

‘तो’ म्हणजे माझा नातू. वय एकोणीस, बी. कॉम.चे दुसरे वर्ष. सनदी लेखापाल होण्याच्या वाटेवरची पहिली, म्हणजे फाउंडेशनची परीक्षा त्याला सप्टेंबरात द्यायची आहे. चार विषय आहेत. अभ्यासात मुलगा बरा आहे. अडचण इतकीच, की याच सुमारास त्याच्या महाविद्यालयाचा फुटबॉल संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरणार आहे आणि नातू त्या संघात आहे. परीक्षेच्या तारखा जाहीर झाल्या आहेत. सामन्यांच्या व्हायच्या आहेत. त्या एकाच दिवशी आल्या, तर आपण सामन्याला जाणार, असे त्याने आईला सांगून टाकले होते. शिवाय संघातले त्याचे स्थान राखीव गोलरक्षकाचे! म्हणजे पहिला गोलरक्षक जायबंदी झाला तरच याने मैदानात उतरायचे. ‘‘बाकावर बसण्यासाठी कोणी परीक्षा सोडते का?’’ हा मुलीचा प्रश्न बिनतोड होता. बँकेत सदतीस वर्षे काढलेल्या माणसाला तर तो पटायलाच हवा.

कुडाळ हे जुने गाव आहे. कुडाळेश्वराचे मंदिर, वळणे घेत जाणारी भंगसाळ नदी आणि घोड्यांना आत उतरून पाणी पिता यावे अशा रीतीने बांधलेली घोडेबाव दाखवल्याशिवाय येथील माणूस पाहुण्याला सोडत नाही. जवळच पिंगुळी आहे. तेथील ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जतन केली, आणि त्या कामासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. हे सर्व मी पूर्वी अनेकदा पाहिले होते. महाविद्यालयीन मुलांचे फुटबॉलचे मैदान मात्र कधी पाहिले नव्हते. तेथे मैदान आहे, हे मला ठाऊक होते. तेथे संध्याकाळी काय चालते, हे ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेचारला नातवाबरोबर निघालो. श्रावणाचा पहिला आठवडा होता. भाताची लावणी उरकलेली होती आणि खाचरांतून कोवळा हिरवा रंग उभा होता. मैदान म्हणजे जांभ्याच्या तांबड्या मातीवर पावसाने उगवलेले गवत, दोन बाजूंना गोलाचे लोखंडी खांब आणि एका कोपऱ्यात साचलेले तळे. मे महिन्यात ही जमीन इतकी कडक होते, की पडलेल्याचे कोपर सोलून निघते. तेव्हा येथे टेनिस बॉलच्या क्रिकेटचे राज्य असते. पावसाळ्यात चेंडू टप्पा घेईनासा झाला की क्रिकेटवाले घरी जातात आणि हे वीस-बावीस मुलगे मैदानाचे मालक होतात.

आमच्या कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे वेगळेच प्रकरण आहे. पेठापेठांतील तालमींनी कुस्तीबरोबर हा खेळ अंगीकारला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ ही नावे तेथे घराण्यांसारखी उच्चारली जातात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचा हंगाम पावसाळा संपल्यावर रंगतो आणि शाहू स्टेडियमच्या पायऱ्या माणसांनी भरून जातात. त्याच मातीतून आलेला अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. कुडाळच्या दक्षिणेला, तासा-दीड तासाच्या अंतरावर गोवा. तेथे १८८३ साली शिवोलीला फादर लायन्स यांनी हा खेळ आणला असे सांगतात. साळगावकर आणि धेंपो या उद्योजक घराण्यांच्या नावाचे संघ देशभर गाजले. अशा दोन फुटबॉलवेड्या प्रदेशांच्या मध्ये कुडाळ वसले आहे. पण स्वतः कुडाळ फुटबॉलचे गाव नाही. येथे पायऱ्या नाहीत आणि प्रेक्षकही नाहीत. त्या दिवशी मैदानाच्या कडेला मी, एक चहावाले, छत्री घेतलेले शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक आणि दोन म्हशी इतकेच होतो.

प्राध्यापकांनी खुर्ची मागवली. मी उभाच राहिलो. स्पर्धेची रचना त्यांनी समजावून सांगितली. मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत, सात जिल्ह्यांचे. गोवा विद्यापीठ १९८५ साली स्थापन होईपर्यंत गोव्यातील महाविद्यालयेही याच विद्यापीठाला जोडलेली होती. म्हापसा येथून हाकेच्या अंतरावर, पण ती मुले आता परक्या विद्यापीठाची. आणि मुंबई रेल्वेने रात्रभराच्या अंतरावर, पण तेथील महाविद्यालये मात्र आपल्या घरातली. मुंबईच्या एखाद्या मोठ्या महाविद्यालयाला शाळेपासून क्लबात खेळलेली मुले मिळतात. येथे येणाऱ्या बहुतेकांनी अकरावीत येईपर्यंत पूर्ण मापाचे मैदान पाहिलेले नसते.

सामने बाद पद्धतीने होतात, हे ऐकल्यावर माझ्यातील हिशेबनीस जागा झाला. बाद पद्धतीत बत्तीस संघ असतील तर सामने एकतीस होतात, कारण प्रत्येक सामन्यात एकच संघ बाहेर जातो आणि शेवटी एकच उरायचा असतो. त्या बत्तीसपैकी सोळा संघ पहिल्याच सामन्यात घरी परततात. संघांची संख्या बदलली तरी व्यवहार असाच राहतो: जवळजवळ निम्म्या संघांचा संपूर्ण मोसम म्हणजे एक सामना. नव्वद मिनिटे! त्यासाठी जूनपासून सराव.

मी हे प्राध्यापकांना बोलून दाखवले. ते हसले. म्हणाले, ‘‘साहेब, त्यातही अडचण अशी, की मागच्या वर्षीचे सहा जण पदवी घेऊन गेले. कोणी पुण्यात कंपनीत, कोणी गोव्यात हॉटेलात. दर जूनला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.’’ खातेवहीत वर्षअखेरीची शिल्लक पुढील वर्षाच्या पहिल्या पानावर ओढतात, हे आम्हां बँकवाल्यांच्या हाडीमासी खिळलेले असते. येथे तसे पुढे ओढण्यासारखे फारसे काही नाही. ना खेळाडू, ना करंडक. राहते ते मैदान, गोलाचे खांब आणि हे एक प्राध्यापक.

तोवर पावसाची सर आली. मला वाटले, सराव थांबेल. थांबला नाही. चहावाले आपल्या ताडपत्रीखालून म्हणाले, ‘‘काकानूं, हडे येवा, भिजशात. पोरां काय थांबनत नाय.’’ मी ताडपत्रीखाली गेलो. त्यांनी न विचारता चहा दिला. मी विचारले, ‘‘तुम्ही सामन्याला जाता का?’’ ते म्हणाले, ‘‘म्याच खंय आसता कोणाक ठावक! म्याच एका दिसाची, मैदान रोजचा.’’ आणि किटली विसळू लागले.

मी नातवाकडे पाहत होतो. राखीव गोलरक्षकाचे काम मला आजवर समजलेले नव्हते, हे त्या तासाभरात लक्षात आले. पहिल्या गोलरक्षकाला जपायचे असते. त्यामुळे गोलावर चेंडू मारण्याचा सराव करताना खांबांमध्ये उभा राहतो तो राखीव. अकरा जणांनी रांगेने यावे आणि एकामागून एक चेंडू मारावा, आणि याने डावीकडे, उजवीकडे चिखलात झेपावे. मी मोजू लागलो. बँकेतील सवय! चाळीसपर्यंत मोजले आणि सोडून दिले. त्यांपैकी पुष्कळ चेंडू आत गेले. प्रत्येक वेळी तो उठला, चेंडू जाळीतून काढला आणि परत फेकला. ज्या मुलाच्या वाट्याला सामन्याचे एक मिनिटही येईल की नाही याची शाश्वती नाही, त्याच्या अंगावर सर्वांत जास्त चिखल होता.

येथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती मी घरात कधी सांगितली नव्हती.

१९७८ साली मी कोल्हापुरात बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि महाविद्यालयाच्या संघात डाव्या बाजूचा बॅक होतो. त्या काळी चेंडू चामड्याचा असे. आमच्या घरात चामड्याची वस्तू येत नसे. वडिलांची कमरपट्टीसुद्धा कापडी होती. त्यामुळे चेंडू घरी आणण्याची पाळी माझ्यावर आली, की तो परसातील पेरूच्या झाडाच्या बेचक्यात ठेवावा लागे आणि हातपाय धुतल्याखेरीज मला स्वयंपाकघरात प्रवेश नसे. वडिलांनी खेळू नको असे मात्र एकदाही म्हटले नाही. पावसात तो चेंडू पाणी पिऊन इतका जड होई, की डोक्याने मारला तर मान दुखे. नियमाप्रमाणे चेंडूचे वजन सामन्याच्या आरंभी ४१० ते ४५० ग्रॅम असायला हवे. अखेरीस ते किती होत असे, ते आमच्या मानांनाच ठाऊक.

आमच्या संघाचा उपांत्यपूर्व सामना रविवारी ठरला आणि त्याच रविवारी बँकेची लेखी परीक्षा आली. घरात मी थोरला. पाठीवर दोन भाऊ, एक बहीण. मला कोणी काही सांगावे लागले नाही. मी परीक्षेला गेलो. पास झालो, नोकरी लागली, त्या नोकरीवर भावंडांची शिक्षणे आणि लग्ने झाली. २०१७ साली निवृत्त झालो तेव्हा शाखेतल्या मंडळींनी भाषणे केली. तो निर्णय चुकला असे मी आजही म्हणणार नाही.

सव्वासहाला प्राध्यापकांनी शिट्टी वाजवली. सूर्यास्त सातच्या सुमारास होता. नातवाने पायांवर बादलीभर पाणी ओतले, चेंडूंची जाळी खांद्यावर टाकली आणि आम्ही लगबगीने निघालो. विहीणबाई सूर्यास्तानंतर जेवत नाहीत आणि चातुर्मासात घरातील सर्वांनी तो नियम पाळावा, असा त्यांचा आग्रह असतो. त्यांची आणखी एक तक्रार होती. पावसाळ्यात ओल्या भूमीवर जीवजंतू वाढतात, म्हणून साधू-साध्वी विहार थांबवून एका ठिकाणी राहतात. आणि हा मुलगा नेमक्या त्याच दिवसांत गवत तुडवत धावतो. या तक्रारीला उत्तर नाही, आणि नातवाने ते देण्याचा प्रयत्नही केला नव्हता. आजीने सांगितले म्हणून त्याने चार महिने रात्री खाण्याचा त्याग स्वीकारला होता. संघातील मुले सरावानंतर नाक्यावर वडापाव खातात. हा तेव्हा घरी धावत असतो. त्यासाठी प्राध्यापकांनी सरावाची वेळ अर्धा तास अलीकडे आणली होती. हे मला प्राध्यापकांनी सांगितले, नातवाने नव्हे.

घरी त्याने चेंडू सरळ आत आणला आणि पुस्तकांच्या कपाटावर ठेवला. मी चमकलो. तो म्हणाला, ‘‘आजोबा, हा चामड्याचा नाही. सिंथेटिक आहे.’’ १९८६ च्या मेक्सिको विश्वचषकात प्रथमच संपूर्ण कृत्रिम धाग्याचा चेंडू वापरला गेला आणि हळूहळू चामड्याचा चेंडू मैदानातून गेला. आमच्या पेरूच्या झाडाचा प्रश्न असा जगाने परस्पर सोडवला होता.

जेवण झाल्यावर मुलीने मला डोळ्यांनी खुणावले आणि ती भांडी घेऊन आत गेली. बोलण्याची वेळ आली होती. काय बोलायचे ते मी एस. टी.त ठरवून आलो होतो: जबाबदारी, भवितव्य, एकाग्रता. त्यातले काही जिभेवर येईना. मी त्याला त्या रविवारची गोष्ट सांगितली.

त्याने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘मग तुमचा संघ जिंकला का?’’

‘‘हरला. दोन-शून्य.’’

‘‘तुम्ही असता तर?’’

‘‘तरी हरलाच असता. समोरचा संघ फार चांगला होता.’’

‘‘मग वाईट कशाचे वाटते?’’

मी थोडा वेळ गप्प राहिलो. मग जे खरे होते ते सांगितले. ‘‘ते दोन गोल मी पाहिलेले नाहीत. संघातल्या बाकी सगळ्यांनी पाहिले. पुढे कित्येक वर्षे ते भेटले की त्या गोलांबद्दल बोलत. कोणाचा पाय घसरला, चेंडू कोणाला लागून वळला. मी ऐकत असे.’’

तो काही बोलला नाही. उठून अभ्यासाला बसला. पहाटे पाचला मला जाग आली तेव्हा त्याच्या खोलीत दिवा होता. दार अर्धवट उघडे होते. व्यापारी कायद्याचे पुस्तक पुढे होते आणि गुडघ्यावर हळद लावलेली होती.

सकाळी चुलीपाशी, म्हणजे आताच्या गॅसच्या ओट्यापाशी, मी मुलीला हिशेब मांडून दाखवला. भारतीय सनदी लेखापाल संस्थेने २०२४ पासून फाउंडेशनची परीक्षा वर्षातून तीनदा घ्यायला सुरुवात केली आहे. सप्टेंबरची संधी गेली, तर पुढची जानेवारीत. म्हणजे जास्तीत जास्त नुकसान चार महिन्यांचे. माझ्या वेळी तसे नव्हते. मी ती परीक्षा सोडली असती, तर पुढची कधी येईल हे कोणी सांगू शकत नव्हते आणि घर तितके थांबू शकत नव्हते. त्याच्यामागे आज असे कोणी थांबलेले नाही. दुसऱ्या बाजूला, संघात दर वर्षी नवी मुले येतात. पुढच्या वर्षी हेच अकरा नसतील. तेव्हा दोन्ही तारखा एकत्र आल्याच, तर निर्णय त्याला घेऊ द्यावा.

मुलगी म्हणाली, ‘‘अण्णा, मी तुम्हाला त्याला समजवायला बोलावले होते.’’

मी म्हटले, ‘‘हो. आणि तारखा एकत्र येतीलच असेही नाही.’’

तिने माझ्यापुढे पोह्यांची बशी जरा जोरातच ठेवली. तिचा राग मला मान्य होता. मुलाच्या चार महिन्यांची किंमत बाहेरून आलेल्या माणसाने ठरवू नये, हेही खरे. तिने होकार दिला नाही. नकारही दिला नाही. दुपारी मात्र जावयांना तिने विचारलेले मी ऐकले, की दुकानात क्रिकेटवाले पायमोजे असतात, तसे फुटबॉलचे गुडघ्यापर्यंतचे मिळतात का.

कोकणातल्या माणसाला वाट पाहण्याची विद्या कोणी शिकवावी लागत नाही. आंब्याचा मोहोर, मृगाचा पाऊस, चतुर्थीला मुंबईहून येणारे चाकरमानी, कार्तिकानंतर सुरू होणाऱ्या जत्रा आणि त्यांतील दशावतार. वर्ष असे एकेका वाटेवर डोळे लावून जाते. मोहोर पाहून कोणी आंब्याचे पैसे मोजत नाही, पण झाडाखालचे गवत काढायचे कोणी सोडतही नाही. त्या मैदानावरील मुलांची वाट याच जातीची आहे. त्यांचा मोसम कदाचित एका दुपारी संपेल. त्या दुपारचा निकाल काहीही लागला, तरी जूनपासूनच्या सर्व संध्याकाळी त्यांनी खेळून झालेल्या असतील. मी त्या एका रविवारी सामना गमावला, असे इतकी वर्षे समजत होतो. सामन्याआधीच्या चार महिन्यांचे मी पूर्ण धनी होतो, हे मला कुडाळच्या ताडपत्रीखाली उमगले.

तिसऱ्या दिवशी परत निघालो. नातू एस. टी. स्थानकावर पोचवायला आला होता. पिशवीत मुलीने दिलेली कोकमे आणि घावनांचे पीठ होते. गाडी सुटताना त्याने खिडकीशी येऊन विचारले, ‘‘आजोबा, सामना मुंबईला झाला तर तुम्ही याल?’’ मी विचारले, ‘‘तू खेळणार आहेस का?’’ तो म्हणाला, ‘‘माहीत नाही.’’ मी येतो म्हणालो.

हा लेख लिहून होईपर्यंत सामन्यांच्या तारखा आलेल्या नाहीत. दर दोन दिवसांनी फोन करतो. नातू सांगतो, ‘‘अजून नाही.’’ मग पाऊस किती आहे, अभ्यास कुठवर आला, आणि मैदानाच्या कोपऱ्यातील तळे आटले की नाही, याची विचारपूस होते. तळे अजून आटलेले नाही. सराव रोज साडेचारला चालू आहे.